पेन्सहर्स्टचा धनी, दरबारातला उमेदवार

पलंगाचे जाड लोकरी पडदे बाजूला सारता तेव्हा खिडकीबाहेर अजून अंधार आहे. खोलीत थंडी आहे, दगडी कोळशाच्या धुराचा वास आहे आणि पायथ्याशी झोपलेला नोकर शेकोटी फुंकायला उठला आहे. साल १६११, महिना नोव्हेंबर. लंडनमधला हा नदीकाठचा वाडा, बेनार्ड्स कॅसल, तुमचा नव्हे. तुमच्या भाच्याचा, पेम्ब्रोकच्या अर्लचा. राजधानीत आलात की तुम्ही इथे उतरता.

तुम्ही रॉबर्ट सिडनी, व्हायकाउंट लाइल. वय अठ्ठेचाळिसाला टेकलेलं. राजा जेम्सची राणी ॲन हिच्या घरादाराचे तुम्ही लॉर्ड चेंबरलेन, समुद्रापलीकडच्या फ्लशिंग बंदराचे गव्हर्नर आणि केंटमधल्या पेन्सहर्स्टच्या वाड्याचे, जमिनीचे, कुळांचे धनी. इकडे दख्खनेत मलिक अंबराने वसवलेलं खडकी शहर नुकतं कुठे वर्षभराचं झालं आहे. तिकडे तुमच्या देशात बायबलचं नवं भाषांतर राजाच्या आज्ञेने याच वर्षी छापून निघालं आहे आणि शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ याच महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हाइटहॉल राजवाड्यात झालं आहे. मागे वळून बघणाऱ्यांना हा काळ सोनेरी दिसतो. आज तो तुम्ही आतून बघणार आहात.

आधी कपडे. आंघोळ रोजची नाही. हात-तोंड धुवायचं, अंग स्वच्छ तागाच्या कापडाने खसखसून पुसायचं आणि धुतलेला तागाचा सदरा चढवायचा. त्यावर अंगाला घट्ट बसणारं, आत भरण घातलेलं रेशमी डब्लेट. खालची फुगीर चोळणी त्या डब्लेटला नाड्यांनी बांधायची. प्रत्येक नाडीच्या टोकाला धातूची टोपी असते आणि कमरेभोवती अशा कितीतरी नाड्या. हे एकट्या माणसाचं काम नाही. तुम्ही हात पसरून उभे राहता आणि नोकर तुमच्याभोवती फिरत गाठी मारतो. मग गळ्याभोवतीचा रफ. खळ घातलेल्या मलमलीसारख्या तलम कापडाच्या शेकडो चुण्या, प्रत्येक चुणी तापवलेल्या सळईवर गोल केलेली, सगळं टाचण्यांनी जागेवर बसवलेलं. मान खाली घालता येत नाही, त्यामुळे चालण्यात आपोआप एक रुबाब येतो. पाऊस पडला तर खळ विरघळते आणि तासाभराची मेहनत ओल्या चिंधीसारखी छातीवर लोंबते. म्हणून आकाशाकडे बघूनच तुम्ही पायऱ्या उतरता. या पोशाखाचे पैसे शिंप्याला अजून द्यायचे आहेत. पण राणीचा चेंबरलेन जुन्या कपड्यांत दिसला तर त्याची पत गेली असं दरबार धरून चालतो, आणि पत गेली की उधारीही थांबते.

टेम्स हाच या शहराचा हमरस्ता. नावाडी तुम्हाला चढत्या पाण्याबरोबर पश्चिमेकडे वल्हवत नेतो. उजव्या हाताला स्ट्रँडवरच्या उमरावांचे वाडे एकामागून एक सरकतात. प्रत्येकाचा बगीचा नदीपर्यंत आलेला, प्रत्येकाला स्वतःचा धक्का. त्यातलं सॉमरसेट हाउस तुमच्या राणीचं. तुमचं खरं काम तिथे: राणीला कोण भेटणार, कोणत्या देशाचा वकील कुठे उभा राहणार, तिचा महाल कुठून कुठे हलणार. पण आज तुम्हाला व्हाइटहॉल गाठायचं आहे. राणीकडे मान मिळतो. पैसा, पद आणि जमीन यांची वाट राजाकडून येते.

व्हाइटहॉल हा एक राजवाडा नसून अंगणं, जिने, बोळ आणि दालनं यांचा पसारा आहे. तुमचं मोल इथे एकाच मापाने ठरतं: तुम्ही कितव्या दारापर्यंत जाऊ शकता. पहिलं दालन लाल गणवेशातल्या पहारेकऱ्यांचं. नीटनेटका पोशाख असलेला कोणीही सज्जन तिथवर पोहोचतो. दुसरं दालन राजदर्शनाचं. तिथे छत्राखाली सिंहासन आहे. राजा बहुधा तिथे नसतोच, तरी रिकाम्या सिंहासनासमोरही टोपी काढून वाकायचं. तिसरं दालन खासगी. तिथे तुमच्यासारख्यांना प्रवेश आहे. त्याच्या पलीकडे शयनगृह. ते दार बंद.

ते दार हेच या राजवटीचं मर्म. एलिझाबेथ राणी होती तेव्हा शयनगृहात बायका असत आणि राज्यकारभार बाहेर, मंत्र्यांच्या टेबलावर चाले. जेम्स १६०३ मध्ये स्कॉटलंडहून आला आणि शयनगृहाच्या नेमणुका त्याने मुख्यतः आपल्या स्कॉटिश माणसांना दिल्या. राजाला सदरा चढवणारा माणूस सदरा चढवता चढवता एखादा अर्ज पुढे करू शकतो. तुम्ही बाहेर उभे आहात.

उभे राहा. दरबारी आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग असा उभ्याने जातो. वयात आलेल्या माणसाच्या गुडघ्यांना दगडी फरशीचा गारवा जाणवतो, पण बसायला परवानगी नाही. तुमच्याभोवती दीडदोनशे माणसं तशीच उभी आहेत: कोणाला वारसाहक्काचा दावा पुढे रेटायचा आहे, कोणाला एखाद्या मालावरच्या जकातीचा मक्ता हवा आहे, कोणाला अल्पवयीन श्रीमंत अनाथाचं पालकत्व हवं आहे, कारण पालकाच्या हाती त्या पोराची जमीन आणि लग्न दोन्ही येतं. हळू आवाजात बोलतात, पण प्रत्येकाचे डोळे दाराकडे.

दार उघडतं आणि बाहेर येतो रॉबर्ट कार. पंचविशीच्या आसपासचा, देखणा. चार वर्षांपूर्वी राजासमोर घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला, राजा त्याच्या समाचाराला गेला, त्याला लॅटिन शिकवू लागला आणि तेव्हापासून त्याचं नशीब फळफळलं. या मार्च महिन्यात तो व्हायकाउंट रॉचेस्टर झाला. म्हणजे तुमच्याच दर्जाचा.

हे आतून सोसून बघा. तुम्ही १५८६ मध्ये नेदरलंड्सच्या युद्धात झुटफेनला लढलात. त्याच लढाईत तुमचा थोरला भाऊ फिलिप मांडीत गोळी लागून जखमी झाला आणि पुढे वारला. सगळ्या इंग्लंडने त्याच्यासाठी शोक केला. तुमच्या वाट्याला त्याचं नाव आणि त्याची देणी आली. १५८९ पासून तुम्ही फ्लशिंगची शिबंदी सांभाळलीत. पगार वेळेवर न मिळालेले सैनिक, दमट हवा आणि घरी जायच्या रजेसाठी एलिझाबेथ राणीकडे वर्षानुवर्षं केलेल्या विनवण्या. १५९७ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या सिंक पोर्ट्सचं वॉर्डनपद मिळावं म्हणून एसेक्सच्या अर्लने तुमच्यासाठी शब्द टाकला. ते पद लॉर्ड कॉबहॅमला गेलं. जेम्स आल्यावर १६०३ मध्ये बॅरन आणि १६०५ मध्ये व्हायकाउंट झालात, चाळिशीच्या आसपास. आता तुम्ही त्या तरुणासमोर किंचित वाकता, कारण तुमचा अर्ज आत न्यायचा असेल तर त्याच्याच हातून जाणार.

आत तरी पैसा आहे का? खजिनदार रॉबर्ट सेसिल, सॉल्झबरीचा अर्ल, तुमच्या समोरूनच कागदांचं बाड घेऊन जातो. बुटका, पाठीत वाकलेला, थकलेला. राजाच्या कर्जावर तोडगा म्हणून त्याने संसदेशी मोठा करार घडवायचा प्रयत्न केला. तो फिसकटला आणि याच वर्षी संसद विसर्जित झाली. आता राजा पदव्या विकतो. मे महिन्यात बॅरोनेट नावाची नवी, वंशपरंपरेने चालणारी पदवी निघाली. किंमत १,०९५ पाउंड. हा आकडा कुठून आला? उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरमध्ये ३० सैनिक ३ वर्षं पोसायचे, प्रत्येकी रोज ८ पेन्स. हिशेब करा, बरोबर १,०९५ पाउंड येतात. ज्या सैनिकांच्या थकलेल्या पगारासाठी तुम्ही बावीस वर्षं पत्रं लिहीत आलात, त्यांचाच पगार आता पदवीच्या किमतीचं माप झाला आहे.

आणि खर्च कुठे होतो, तेही तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी १६०५ मध्ये बेन जॉन्सनने लिहिलेला आणि इनिगो जोन्सने सजवलेला ‘मास्क ऑफ ब्लॅकनेस’ हा नाचगाण्यांचा दरबारी खेळ इथेच झाला. राणी आणि तिच्या सख्या तोंडाला, हातांना काळा रंग लावून शिंपल्याच्या रथातून आल्या. त्या एका रात्रीचा खर्च ३,००० पाउंडांच्या घरात गेला. नाचणाऱ्यांत तुमची मुलगी मेरी होती. तिथे नाचणं हा घराण्याचा मान होता, आणि मान नाकारता येत नाही.

दुपार टळते. आज काही होत नाही. खिडकीच्या कडेला उभे राहून तुम्ही पत्र लिहिता. ‘स्वीटहार्ट’ असा मायना. बायकोला तुम्ही लग्नानंतर इतक्या वर्षांनीही असंच लिहिता. राजा कुठे आहे, राणीची तब्येत कशी आहे, मुलांचं काय, पैशांची सोय कशी लावायची, घरी कधी यायला मिळेल. बार्बराला लिहिलेली अशी तीनशेहून अधिक पत्रं पुढे चार शतकं टिकणार आहेत. एका नवऱ्याने इतक्या सातत्याने, इतक्या मायेने लिहिलेली पत्रं त्या काळातली फार थोडी उरली आहेत. आजचं पत्र मात्र तुम्ही स्वतःच घेऊन निघा.

लंडन ब्रिजवरून घोडा घ्या. पुलावर दुतर्फा घरं आणि दुकानं. पूर्वेकडे नजर टाकली तर टॉवर दिसतो. तिथे सर वॉल्टर रॅली कैदेत आहे, इतिहास लिहितो आहे. तुमच्या हातून सिंक पोर्ट्स हिसकावणारा कॉबहॅमही राजाविरुद्धच्या १६०३ च्या कटापासून तिथेच आहे. ते पद तेव्हा मिळालं असतं तर सुख लागलं असतं का, असा प्रश्न या पुलावर कोणाच्याही मनात येईल. दक्षिणेकडच्या वेशीवर राजद्रोह्यांची मुंडकी खांबांवर टोचलेली आहेत.

पेन्सहर्स्ट इथून साधारण ५० किलोमीटर. केंटच्या त्या भागातली माती चिकण. नोव्हेंबरात घोड्याचे पाय खोलवर रुततात, पावलापावलाला चिखल उसळतो. ओकची जंगलं, मधूनच कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्ट्यांचा धूर. लोखंड गाळणाऱ्यांना हा कोळसा लागतो. ससेक्समध्ये रॉबर्ट्सब्रिजला तुमच्या घराण्याचाही लोखंडाचा कारखाना आहे. मग मेडवे नदीचं वळण येतं आणि झाडांमागून तो पिवळसर दगडी वाडा दिसतो. दरवाज्यावरच्या शिळेवर कोरलेलं आहे की ही जागा सहाव्या एडवर्ड राजाने तुमच्या आजोबांना, सर विल्यम सिडनींना दिली. ते साल १५५२. जे राजाने दिलं ते राजाच्या मर्जीत राहूनच टिकवायचं, ही शिकवण घराच्या दारावरच आहे.

आत पाऊल टाका आणि मान वर करा, रफ असला तरी. हे दिवाणखान्याचं दालन तुमच्या आजोबांच्याही दोनशे वर्षं आधीचं, १३४१ च्या सुमाराला लंडनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने, सर जॉन द पुल्टनीने बांधलेलं. चेस्टनटच्या लाकडाचं छप्पर साठ फुटांवर. मधोमध फरशीत अष्टकोनी चूल, तिला धुराडं नाही. ओंडके उघड्यावर जळतात, धूर संथपणे वर जातो आणि तुळयांना काळा मुलामा चढवतो. त्या तुळयांच्या पायथ्याशी माणसाच्या आकाराच्या लाकडी मूर्ती कोरल्या आहेत. संत नाहीत, राजे नाहीत. साधी कष्टकरी माणसं, खांद्यावर छप्पर पेलल्यासारखी वाकलेली. ज्याने घडवल्या त्याला या वाड्याचा हिशेब कळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जेवण. मार्टिनमसचा सण जवळ आला आहे. हिवाळ्यात सगळ्या जनावरांना चारा पुरत नाही, म्हणून या दिवसांत गुरं कापून मांस मिठात घालतात. टेबलावर ताजं गोमांस आहे, तळ्यातला मासा आहे, हरणाची तंगडी आहे, बागेतली सफरचंदं आहेत. कुळांच्या बायकांनी कोंबडे, चीज, अक्रोड आणून दिले आहेत. सुरी तुमची तुम्ही आणायची. काटा नाही. इटलीत माणसं काट्याने जेवतात, हे टॉमस कोरिएट नावाच्या प्रवाशाने याच वर्षी छापलेल्या पुस्तकात लिहिलं आहे. हाच कोरिएट पुढे पायी हिंदुस्थानात येईल आणि १६१७ मध्ये सुरतेत मरेल.

या महिन्यात घरात आणखी एक निमित्त आहे. तुमचा थोरला मुलगा विल्यम एकवीस वर्षांचा झाला. बेन जॉन्सनने त्या वाढदिवसासाठी कविता लिहिली. जॉन्सन या टेबलावर जेवलेला आहे. इतर उमरावांकडे कवीला खालच्या टोकाला बसवून वेगळी, हलकी दारू वाढतात. इथे धनी जे खातो-पितो तेच पाहुण्याला मिळतं, हे त्याने मनात ठेवलं. याच वाड्यावरची त्याची कविता १६१६ मध्ये छापली गेली आणि इंग्रजी साहित्यात घरावरच्या कवितांची एक परंपराच तिच्यामागे उभी राहिली. राजा जेम्स आणि राजपुत्र हेन्री शिकारीहून अचानक इथे आले, मालकीण घरी नव्हती, तरी चादरी, भांडी, चुली सगळं जागच्या जागी सज्ज होतं, हेही त्या कवितेत आहे.

त्या सज्जतेमागे बार्बरा गॅमेज आहे. वेल्समधल्या कॉइटीची वारसदार. १५८४ मध्ये तुमचं लग्न झालं तेव्हा ते थांबवायचा राणी एलिझाबेथचा हुकूम निघाला होता. तो पोहोचला लग्न लागल्यावर दोन तासांनी. तेव्हापासून तुम्ही फ्लशिंगला, दरबारात, दौऱ्यावर. आणि ती इथे. मुलं तिने वाढवली, नोकर तिने सांभाळले, बागा तिच्या, कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे. तिची पत्रं उरली नाहीत, तुमची उरली. म्हणून इतिहासात तुमचा आवाज ऐकू येतो आणि तिचं फक्त काम दिसतं.

जेवणानंतर कारभारी थॉमस गोल्डिंग वही घेऊन येतो. तुम्हाला हरणांचं राखीव कुरण वाढवायचं आहे. कुरण मोठं असलं की राजाला शिकारीला बोलावता येतं, मित्रांना हरणाचं मांस पाठवता येतं. या देशात हरणाचं मांस विकत घेत नाहीत, ते मिळतं ते मर्जीतून. गोल्डिंगला हे कळतं, पण तो मान्य करत नाही. माय लॉर्ड, जी जमीन तुम्ही कुरणात घेऊ बघता ती गुरं पुष्ट करण्याची उत्तम जमीन आहे. तिचा खंड बुडेल. आणि देणी? कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा शेकडा १० आहे आणि सावकार ती सोडत नाही. शब्द नम्र आहेत, बोट वहीतल्या ओळीवर आहे. तुम्ही चिडता. तो बरोबर आहे हे तुम्हाला माहीत आहे.

रात्री लाँग गॅलरीत मेणबत्ती घेऊन एक वही उघडा. पंधरा वर्षांपूर्वी तुमच्याच हाताने लिहिलेल्या साठहून अधिक कविता आहेत तिच्यात: विरहाच्या, अंधाराच्या, परत भेटण्याच्या. तुम्ही त्या कधी छापणार नाही. फिलिपचा भाऊ म्हणून जग तुम्हाला ओळखेल. या वहीचा लेखक कोण हे विसाव्या शतकात उमजेल. मेरी मात्र गप्प राहणार नाही. १६२१ मध्ये तिची ‘युरेनिया’ छापली जाईल, इंग्लिश स्त्रीने लिहिलेली पहिली छापील दीर्घ गद्यकथा, आणि दरबारातले लोक त्यात आपले चेहरे ओळखून खवळतील.

आता रॉबर्ट सिडनीच्या अंगातून बाहेर या, कारण त्याला न दिसणारं तुम्हाला दिसतं. पुढचं वर्ष क्रूर आहे. मे १६१२ मध्ये सेसिल गेला, नोव्हेंबरात राजपुत्र हेन्री गेला आणि त्याच हिवाळ्यात विल्यम, ज्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला कविता लिहिली गेली तो, देवीच्या रोगाने गेला. १६१३ मध्ये राजकन्या एलिझाबेथला सासरी हायडेलबर्गला पोहोचवणाऱ्यांत रॉबर्ट होता. १६१६ मध्ये फ्लशिंग डचांना परत दिलं गेलं आणि त्याचं गव्हर्नरपद संपलं. १६१८ मध्ये तो लेस्टरचा अर्ल झाला, मामाची पदवी अखेर घरात आली. पुढच्याच वर्षी राणी ॲन वारली आणि चेंबरलेनपदही संपलं. १६२१ मध्ये बार्बरा गेली.

१६२६ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं आणि काही महिन्यांतच तो वारला. ही दुसरी बायको सारा कोणाची विधवा होती? सर थॉमस स्मिथची, ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या गव्हर्नरची. त्याच्याच अमदानीत कंपनीची गलबतं सुरतेला लागली, तिथे वखार उभी राहिली आणि थॉमस रो जहांगिराच्या दरबारी पोहोचला. आपल्याकडे इंग्रजांची गोष्ट त्या वखारीपासून सुरू होते. तिकडे तेव्हा नुसत्या जमिनीवर आणि राजाच्या मर्जीवर जगणारं घर मागे पडत होतं आणि समुद्रापारच्या व्यापाराचा पैसा पुढे येत होता. त्या वर्षी या दोन इंग्लंडांचं एका घरात लग्न लागलं.

पेन्सहर्स्ट विकलं गेलं नाही. सिडनींचे वंशज आजही तिथे राहतात, ते दालन, ती चूल, त्या वाकलेल्या मूर्ती बघायला माणसं जातात. हे टिकलं ते रॉबर्टने व्हाइटहॉलच्या दालनात उभ्याने काढलेल्या तासांमुळे, असं म्हणायला माझं मन धजत नाही. त्या तासांनी पदव्या दिल्या आणि कर्ज दिलं. घर टिकलं ते बार्बराने राखलेल्या कोठीमुळे, खंड भरणाऱ्या कुळांमुळे आणि धन्याच्या तोंडावर नाही म्हणणाऱ्या कारभाऱ्यामुळे. जेम्सच्या काळाचा थाट बघायला आपण राजाच्या दारापर्यंत जातो. त्या थाटाची किंमत चुकती करणारी माणसं बघायची असतील तर पेन्सहर्स्टच्या हिशेबाच्या वहीपर्यंत जायला हवं.